टीएनटी, गूळ आणि खोपीतली पेटी: स्फोटकांच्या रसायनाबद्दल तीन प्रश्नांची उत्तरं

पन्हाळा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं तीन प्रश्न विचारलेत. ती बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकते. पहिला प्रश्न पुस्तकी आहे: साखरेत, पेट्रोलमध्ये एवढी ऊर्जा असून ती स्फोटकं का नाहीत, आणि टीएनटी (ट्रायनायट्रोटोल्युइन, तोफगोळ्यांत भरतात ते स्फोटक) हातोडीला दाद देत नाही तर काही पदार्थ नुसत्या स्पर्शानं कसे फुटतात? दुसरा: लेबनॉनमधलं बैरूतचं बंदर खतानं उडालं, मग आमच्या सेवा सोसायटीच्या गोदामाचं काय? तिसरा तिनं जरा अवघडत विचारलाय: चुलत्यांच्या विहिरीवरच्या खोपीत पत्र्याच्या पेटीत सुरुंगाच्या जुन्या कांड्या आणि वायर असलेल्या बारीक नळ्या सापडल्यात. विहीर खोदून वीसेक वर्षं झाली. त्यांचं काय करायचं?

मी रसायनशास्त्र शिकून खाणीत गेलेला माणूस. टोपकडच्या खडीच्या खाणी, शाहूवाडीचं बॉक्साइट आणि मधल्या गावांतल्या विहिरी, सगळीकडं काम एकच, सुरुंगाचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पहिले दोन आठवडाभर थांबले तरी चालेल.

पेटीला हात लावू नका. उघडून बघितलीय तेवढं पुरे, पुन्हा उघडू नका, कांड्या मोजू नका, फोटोसाठी मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. मोटर चालू-बंद करायलासुद्धा त्या खोपीत जायचं नाही. पोरं आणि जनावरं तिकडं फिरकणार नाहीत एवढं बघा आणि 112 ला फोन करून सरळ सांगा, जुने जिलेटिन आणि डेटोनेटर सापडलेत. पोलिसांचं बॉम्बशोधक पथक येईल, पुढचं ते बघतील. चुलत्यांना भीती वाटेल की बिनपरवाना स्फोटकं बाळगल्याची केस होईल. ती भीती मी समजू शकतो, पण ती लपवाछपवीनं वाढते. सापडल्यावर ताबडतोब कळवणं हीच त्यांच्या बाजूची गोष्ट आहे.

असं सापडलं की लोक काय करतात ते मी बघितलंय. कुणी पिशवीत घालून मोटारसायकलवरनं पोलीस ठाण्यात नेऊन देतो. कुणी बादलीत भिजत घालतो, कुणी विहिरीतच टाकतो, कुणी शेकोटी करतो. चारही वाईट, आणि मोटारसायकलवाला सगळ्यांत वाईट.

कारण असं. वीस वर्षांपूर्वीची कांडी म्हटल्यावर ती नायट्रोग्लिसरिनची असू शकते. आपल्याकडं ती 2004 मध्ये बंद झाली, आता अमोनियम नायट्रेटवर आधारलेली स्लरी आणि इमल्शन स्फोटकं येतात. नायट्रोग्लिसरिन 1847 मध्ये इटलीत तुरीनला आस्कानियो सोब्रेरोनं पहिल्यांदा तयार केलं आणि त्याला स्वतःलाच त्याची धास्ती बसली. आल्फ्रेड नोबेलचा भाऊ एमिल 1864 मध्ये स्टॉकहोमच्या कारखान्यातल्या स्फोटात गेला. 1867 मध्ये नोबेलनं हे तेल सच्छिद्र मातीत मुरवून डायनामाइटचं पेटंट घेतलं. म्हणजे डायनामाइटचं सगळं शहाणपण त्या मुरवण्यात आहे. कांडी जुनी झाली, उन्हाळे-पावसाळे खाल्ले, की तेल पुन्हा बाहेर झिरपायला लागतं. कागदावर तेलकट थेंब दिसतात, पेटीच्या तळाला डाग पडतो. तो डाग म्हणजे मोकळं नायट्रोग्लिसरिन. पेटी सरकवली आणि पत्रा पत्र्यावर घासला, की त्याला तेवढं पुरतं. जुन्या सुरुंगवाल्यांना विचार, कांड्या हाताळल्या की दिवसभर डोकं ठणकायचं. तो पदार्थ कातडीतून आत जातो आणि रक्तवाहिन्या रुंदावतो. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीत हेच औषध असतं.

नळ्यांची गोष्ट आणखी नाजूक. त्या इलेक्ट्रिक डेटोनेटर आहेत, म्हणजे विजेच्या प्रवाहानं फुटून कांडीला फोडणाऱ्या नळ्या. 1 एप्रिल 2025 पासून देशात त्यांच्यावर बंदी आली, पण जुन्या खोप्यांना बंदीचं काय कळतंय! डेटोनेटरमध्ये लेड अझाइडसारखं अतिसंवेदनशील स्फोटक थोडं असतं. ओल शिरली आणि तांब्याशी गाठ पडली, तर त्यापासून कॉपर अझाइड बनतं. ते मूळ पदार्थापेक्षाही हळवं असतं. लेड अझाइडच्या डेटोनेटरचं नळकांडं तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं करतात ते याच कारणानं. शिवाय या नळ्यांच्या वायरी म्हणजे अँटेनाच. भटका विद्युतप्रवाह, मोबाइल-वायरलेसच्या लहरी, विजेचा कडकडाट, कशानंही त्यांत प्रवाह येऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये जोतिबाच्या डोंगरावर वळवाचे ढग दिसले की आम्ही भोकं भरायचं काम थांबवत होतो. मुकादम कितीही ओरडला तरी.

आता पहिला प्रश्न. इथं मी जरा रेंगाळणार, कारण माझ्या धंद्याचं मर्म इथं आहे.

एक किलो गूळ पूर्ण जाळला तर साधारण 16 मेगाज्यूल उष्णता मिळते. पेट्रोलची 45 च्या आसपास. टीएनटीची? साडेचारच्या आत-बाहेर. म्हणजे किलोला किलो धरलं तर शाहूपुरीतल्या गूळ बाजारातली ढेप टीएनटीच्या साडेतीनपट ऊर्जावान आहे. स्फोटक होण्याचा ऊर्जेच्या साठ्याशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो ती ऊर्जा किती वेळात बाहेर पडते याच्याशी.

गूळ किंवा पेट्रोल जळताना ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून यावा लागतो. हवा जेवढी पोचेल तेवढंच जळणार. टीएनटीच्या रेणूत इंधन आणि ऑक्सिजन शेजारी-शेजारी बसवलेले आहेत. कार्बन-हायड्रोजनचं कडं हे इंधन आणि त्याला लटकलेले नायट्रो गट हे ऑक्सिजनचे साठे. वाट बघायची ती फक्त रेणूतल्या रेणूत अणूंनी जागा बदलण्याची. एक किलो टीएनटीचा ठोकळा जेमतेम साडेआठ सेंटिमीटर बाजूचा होतो. त्यात स्फोटाची लाट सेकंदाला 6900 मीटर वेगानं धावते. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला तिला सुमारे 12 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 12 दशलक्षांश, लागतात. साडेचार मेगाज्यूलला त्यानं भाग, शक्ती साडेतीनशे गिगावॉटच्या वर जाते. मे 2024 च्या उन्हाळ्यात अख्ख्या भारताची विजेची कमाल मागणी 250 गिगावॉट होती. क्षणभरच, पण तुझ्या ओंजळीत मावणारा ठोकळा देशाच्या सगळ्या वीजकेंद्रांना मागं टाकतो.

6900 हा आकडा आणखी एका अर्थानं महत्त्वाचा आहे. जुनी काळी दारू जळते, वेगानं जळते, पण तिची ज्वाळा उष्णता पुढच्या थराला देत-देत सरकते. तिचा वेग ध्वनीपेक्षा कमी असतो. कोंडली तरच ती फुटते. टीएनटीसारख्या पदार्थात जळण उष्णतेनं पुढं जात नाही. दाबाची धडक लाट पुढचा थर इतक्या झटक्यानं आवळते की तो जागच्या जागी तापून विघटित होतो, आणि त्या विघटनानं लाटेला पुन्हा जोर मिळतो. ध्वनीपेक्षा वेगवान अशी ही लाट म्हणजे डिटोनेशन. कातळाला याचा फरक लगेच कळतो. काळी दारू दगड ढकलते, मोठमोठे चिरे निघतात, म्हणून घडीव दगड काढणारे पाथरवट तिलाच धरून होते. डिटोनेशन दगडाचा चुरा करतं, क्रशरवाल्याला ते हवं असतं.

वायूंचा हिशेबही हवा. घन पदार्थाचा एकदम तापलेला वायू होतो, किलोला सातशे ते हजार लिटर. त्यात नायट्रोजनचा मोठा वाटा. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध मोलला 945 किलोज्यूलचा, एकेरी बंध जेमतेम 160 चा. म्हणून नायट्रोजन ज्या रेणूत अवघडून, कमकुवत बंधांनी बसलाय, तो रेणू सुटायला टपलेला असतो. अझाइड, फुलमिनेट, नायट्रेट एस्टर, नायट्रामाइन ही सगळी त्याच घराण्यातली.

मग टीएनटी हातोडीला दाद का देत नाही? घाटात बिघडलेल्या उसाच्या ट्रॉलीला चाकाखाली दगड लावतात, तसं समज. ट्रॉली किती उंचावर आहे ही ऊर्जा. दगड केवढा आहे हा सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे क्रिया सुरू व्हायला आधी द्याव्या लागणाऱ्या ऊर्जेचा, अडसर. टीएनटीच्या चाकाखालचा दगड एवढा भक्कम की 80 अंशांच्या जरा वर वाफेनं वितळवून ते तोफगोळ्यांत ओततात. 1863 मध्ये ते पहिल्यांदा बनवलं गेलं ते पिवळ्या रंगाच्या शोधात. ते स्फोटक आहे हे लक्षात यायला पुढं जवळजवळ तीस वर्षं लागली! याउलट वाळलेलं नायट्रोजन ट्रायआयोडाइड पिसाच्या स्पर्शानं फुटतं, अल्फा कणांच्या माऱ्यानंही फुटतं. त्यात ऊर्जा फार आहे म्हणून ते घडत नाही. आयोडीनचे तीन अवजड अणू एका छोट्या नायट्रोजनभोवती कोंबलेत, दगडाच्या जागी खडाच आहे.

पण पुस्तकात या अडसराचा एक आकडा देतात आणि विद्यार्थी तो कायमचा मानतात, इथं माझा आक्षेप आहे. अडसर रेणूचा असतो, अपघात ढिगाचा होतो. हातोडी पडते तेव्हा सगळा पदार्थ सारखा तापत नाही. एखादा हवेचा बुडबुडा आवळला जातो, वाळूचा एखादा कण दोन स्फटिकांमध्ये घासतो, आणि मायक्रॉनभर जागेत तापमान काही शे अंशांनी चढतं. सुरुवात त्या गरम ठिपक्यात होते. म्हणून परवानाधारक मॅगझिनची, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराची, जमीन झाडून लख्ख ठेवतात आणि आत खिळ्यांच्या बुटांना मज्जाव असतो. शुद्ध पदार्थाची परीक्षा एक सांगते, तोच पदार्थ धूळ-माती, गंज, ओल, ऊन, वय यांतून गेला की वेगळंच वागतो. तुमच्या खोपीतली पेटी नवी असती तर मी एवढा घाबरवत बसलो नसतो.

दुसरा प्रश्न. बैरूतचं खत म्हणजे अमोनियम नायट्रेट, आणि ते याच गोष्टीचं सगळ्यात मोठं उदाहरण. ते स्वतः जळत नाही. 170 अंशांच्या आसपास वितळतं, त्यापुढं नायट्रस ऑक्साइड आणि वाफ देत विघटित होतं. थोडं घेऊन फोडायला गेलं तर फुटत नाही. 32 अंशांना त्याच्या स्फटिकाची रचना बदलते, आकारमान बदलतं, दाणे फुटतात आणि परत चिकटून ढेकळं होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसा वर, रात्री खाली, हे रोज घडू शकतं.

जर्मनीत ओपाऊला अशीच खताची ढेकळं झालेली. त्यांत अमोनियम सल्फेटचं मिश्रण होतं, म्हणून ते सुरक्षित मानलं जायचं. ढेकळं फोडायला तिथले लोक चक्क सुरुंग लावत. वीसेक हजार वेळा काही झालं नव्हतं असं सांगतात. 21 सप्टेंबर 1921 ला 4500 टनांच्या ढिगाऱ्यात झालं, आणि पाचशेवर माणसं गेली. थोडक्या मालात लाट उठली तरी कडेनं ऊर्जा निसटते आणि ती विझते. मोठ्या ढिगात तिला निसटायला वाव नसतो. परीक्षानळीतला निकाल गोदामाला लावता येत नाही तो यासाठी.

अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात 16 एप्रिल 1947 ला जहाजात हेच खत होतं. खालच्या कप्प्यात धूर दिसला. माल भिजू नये म्हणून कप्तानानं पाणी मारायचं टाळलं, झाकणं बंद करून आत वाफ सोडली. आग गुदमरून विझेल हा हिशेब. पण ज्याच्या पोटातच ऑक्सिजन आहे ते गुदमरणार कसं? उलट उष्णता आणि दाब दोन्ही कोंडले गेले. मृतांचा आकडा 581 धरला जातो. बैरूतमध्ये 4 ऑगस्ट 2020 ला 2750 टन माल, वर्षानुवर्षं पडून, आणि त्याच गोदामात फटाके. दोनशेहून अधिक मृत्यू. आपल्या मुंबईच्या गोदीतला 14 एप्रिल 1944 चा स्फोट खताचा नव्हता, पण चूक त्याच जातीची. फोर्ट स्टिकीन जहाजात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि तेलाची पिंपं एकत्र भरलेली. आग लागली कापसाला. अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिलला पाळतात तो याचाच.

तुमच्या सोसायटीच्या गोदामात बहुतेक युरिया, डीएपी, 10:26:26 आणि पोटॅश असणार. यांतलं एकही बैरूतच्या मालासारखं नाही. 45 टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेला माल आपल्या कायद्यानं स्फोटकांत धरलाय आणि त्याला 2012 चे वेगळे नियम आहेत. तो सोसायटीत येत नाही. ठिबकसाठी येणाऱ्या 13:0:45 कडं मात्र जरा लक्ष असू दे. ते पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे ऑक्सिजन पुरवणारं. ते डिझेलचे कॅन, भुस्सा, रिकामी पोती यांच्यापासून लांब, कोरडं ठेवायचं. नायट्रेटच्या मालाला आग लागलीच तर वाळू-माती टाकून उपयोग नाही, भरपूर पाणी आणि मोकळी हवा. आग आटोक्यात येण्यातली नसेल तर माणसं लांब न्यायची, पोती वाचवायची नाहीत. जाता जाता: आपल्या भागात खतापेक्षा साखरेच्या बारीक धुळीची काळजी जास्त केली पाहिजे. फेब्रुवारी 2008 मध्ये अमेरिकेत जॉर्जियाच्या साखर कारखान्यात नुसत्या उडालेल्या साखरेच्या धुळीनं 14 माणसं गेली.

शिरोलीच्या फाउंड्रीतला माणूस म्हणेल, आमच्याकडं स्फोटक नसताना स्फोट होतो. होतो, ओल्या जागेवर वितळलेलं लोखंड पडलं की. पाण्याची वाफ सतराशेपट फुगते, तो निव्वळ भौतिक स्फोट. भंगारातल्या बंद नळकांड्यांची गोष्टही तीच.

पुन्हा विहिरीकडं येतो, कारण चुलत्यांना ती खोल करायची असेल तर दोन गोष्टी सांगायच्या राहतात. वीस वर्षांपूर्वी माल उरला, याचा अर्थ काम करणारा नीट हिशेब ठेवणारा नव्हता. विहिरीच्या तळात न फुटलेला सुरुंग राहिलेला असू शकतो. नव्या माणसाला हे आधी सांगा. जुन्या भोकाच्या बुडख्यात, म्हणजे स्फोटानंतर उरलेल्या तळाच्या तुकड्यात, पुन्हा ड्रिल घालायचा नाही, हा खाणीतला पहिल्या दिवसाचा नियम. बुडखा रिकामा दिसतो, आत बोटभर माल चिकटलेला असतो.

दुसरी गोष्ट धुराची. स्फोटकातला ऑक्सिजन इंधनाला नेमका पुरला तर कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि नायट्रोजन निघतात. कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड. टीएनटीत तर पूर्ण ज्वलनाला सोळा-साडेसोळा ऑक्सिजन अणू लागतात आणि असतात फक्त सहा, म्हणून त्याचा धूर काळाकुट्ट. ऑक्सिजन उरला, किंवा माल भिजून अर्धवट फुटला, तर नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. ती तांबूस-पिवळी दिसतात. उघड्या खाणीत हा तांबडा ढग वाऱ्यानं निघून जातो. विहिरीत तो तळाशी बसतो. दगड कसा निघालाय बघायच्या घाईत माणूस उतरतो, थोडं खोकतो, वर येतो, जेवतो, आणि रात्री फुप्फुसात पाणी भरून त्याला श्वास घेता येत नाही. कित्येक तास काही जाणवत नाही, हाच त्या वायूचा घात. कार्बन मोनॉक्साइडला तर रंग-वास काहीच नाही. सुरुंगानंतर पंख्यानं हवा खेळवल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि तांबडा धूर ज्याच्या नाकात गेला त्याला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचं.

आणि तू स्वतः? तुझा संबंध खाणीपेक्षा कॉलेजच्या प्रयोगशाळेशी जास्त येणार. तिथंही हाच प्रकार आहे, फक्त बाटल्यांत. अल्डिहाइडसाठी टोलेन्स अभिकर्मक करता ना, चांदीचा आरसा पाडायला? तो उद्यासाठी ठेवायचा नाही. राहिलेल्या द्रावणात चांदीची नायट्रोजनयुक्त काळी भुकटी बनते आणि ती बाटली हलवल्यावरही फुटू शकते. तास संपायच्या आत सौम्य आम्ल घालून त्याची विल्हेवाट लावा. ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) ही द्रावकं हवेशी संबंध येऊन स्फोटक पेरॉक्साइड धरतात, म्हणून बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहायची. तळाशी किंवा झाकणापाशी स्फटिक दिसले की तिला हात लावायचा नाही.

पिक्रिक अ‍ॅसिड तर टीएनटीचंच भावंड. नॅफ्थलीनचं पिक्रेट करायला ते कपाटात असतं. 6 डिसेंबर 1917 ला कॅनडात हॅलिफॅक्सच्या बंदरात माँ-ब्लाँ जहाज उडालं, त्याच्या मालात हे मुख्य होतं. पाण्यात भिजलेलं असतं तोवर ते शांत. बाटली वर्षानुवर्षं मागं पडून वाळली आणि झाकण धातूचं असलं, तर आट्यांमध्ये धातूचं पिक्रेट धरतं आणि ते घर्षणाला फार हळवं असतं. अशी वाळलेली पिवळी बाटली तुमच्या कपाटात दिसली, तर झाकण फिरवून बघू नकोस. कपाट लाव, सरांना सांग, आणि त्यांनीही ते फिरवू नये म्हणून हे उत्तर दाखव.